खूण आहे, ढीग नाही: टेबल रॉक जलाशयात साइड इमेजिंगने बास माशाचा आडोसा शोधण्याचं एक प्रकरण

ऑगस्टचा महिना, सकाळचे सात, वारा पडलेला. मिसुरी राज्यातल्या टेबल रॉक जलाशयात, पाण्याखाली उतरत गेलेल्या डोंगराच्या एका सोंडेवर बोट उभी आहे. स्क्रीनवर एक खूण आहे. आधीच्या फेरीत साइड इमेजिंगवर, म्हणजे बोटीच्या दोन्ही बाजूंचा तळ आवाजाच्या प्रतिध्वनीतून दाखवणाऱ्या यंत्रावर, इथे फांद्यांचा दाट ढीग दिसला होता आणि त्यावर कर्सर ठेवूनच ती खूण केली होती. बोट खुणेपासून ५० फुटांवर थांबवून खुणेच्या रोखाने गळ टाकला, पुन्हा टाकला, आणखी काही वेळा टाकला. शिसं दरवेळी तळावरच्या बारीक खडीवरून घासत येतं. लाकडाला एकदाही लागत नाही.

अशा वेळी लोक दोनपैकी एक निष्कर्ष काढतात. एक तर ढीग वाहून गेला, नाहीतर यंत्र बेभरवशाचं आहे. सिमेंटच्या ठोकळ्यांना बांधून बुडवलेलं सीडरचं झाड २२ फूट पाण्यातून सहसा कुठे जात नाही, आणि यंत्राने दाखवलेलं चित्रही खरंच असतं. चुकतं ते चित्रातून नकाशावर येताना. ती चूक कुठे आणि किती फुटांची होते, ती कशी काढायची आणि सापडलेल्या ढिगांपैकी गळ कुठल्या ढिगावर टाकायचा, हे या प्रकरणात सविस्तर घेतलं आहे. आकडे एका नमुना सोंडेचे आहेत, भूमिती मात्र कुठल्याही जलाशयात हीच लागू होते.

जागा

टेबल रॉक हे व्हाइट नदीवरचं धरण. अमेरिकी सैन्याच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने १९५४ ते १९५८ या काळात ब्रॅन्सन गावाजवळ ते बांधलं. समुद्रसपाटीपासून ९१५ फूट ही जलाशयाची नेहमीची पातळी आणि त्या पातळीला पाण्याचा पसारा ४३ हजार एकरांच्या आसपास. जेम्स नदी, किंग्ज नदी आणि लाँग क्रीक हे मोठे फाटे. पाणी नितळ, तळ खडीचा आणि चुनखडकाचा, कडे उभे. लार्जमाऊथ, स्मॉलमाऊथ आणि स्पॉटेड असे तिन्ही जातींचे बास इथे आहेत. याच नदीवर वरच्या अंगाला बीव्हर जलाशय आहे. नोकरीनिमित्त बेंटनव्हिल–रॉजर्सकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना तो घराजवळचा आणि टेबल रॉक शनिवार-रविवारच्या पल्ल्यातला. टेबल रॉकचा काही भाग आर्कान्सात जातो, त्यामुळे दोन्हीकडे मासेमारी करायची तर परवान्याचं आधी बघून घ्यावं. स्थानिक परवाना असलेल्या दोन्ही राज्यांच्या रहिवाशांसाठी सीमेवरच्या या जलाशयांचा एक वेगळा जोडपरवाना मिळतो.

धरण भरलं तेव्हा बुडालेली झाडं साठ वर्षांनंतर पुष्कळशी मोडली आहेत. खोल पात्रातले उभे बुंधे टिकून आहेत, पण उथळ आणि मध्यम खोलीवरचा आडोसा विरळ होत गेला. म्हणून २००७ पासून मिसुरीच्या संवर्धन खात्याने इतर संस्थांच्या साथीने दोन हजारांहून जास्त ठिकाणी सीडर आणि कठीण लाकडाच्या झाडांचे ढीग, खडकांचे ढीग आणि बुंधे तळाला टाकले. त्यांच्या जागा खात्याने लोकांसाठी खुल्या केल्या आहेत, मोबाइलवर सहज मिळतात. शिकायला याहून चांगलं मैदान नाही. इथे ढीग असल्याचं आधीच माहीत असतं, त्यामुळे स्क्रीनवर तो कसा दिसतो हे निवांत बघता येतं. मात्र जाहीर केलेली जागा म्हणजे झाड ज्याच्या आसपास टाकलं तो बिंदू. त्याच्या भोवताली फेरी मारणं आलंच.

बासला आडोसा लागतो तो दबा धरायला. मोकळ्या तळावर तो फिरतो, पण उन्हाळ्यात भर दिवसा नितळ पाण्यात तो सावली आणि फांदीला धरून राहतो. सोंडेवर, योग्य खोलीत, एकच चांगला ढीग असेल तर आजूबाजूचा मासा तिथे येतो.

फेरीआधी बोटीवर काय बघायचं

मासेमारीच्या बोटींवर साइड इमेजिंग पहिल्यांदा २००५ साली हमिनबर्डने आणलं. आज सगळ्या मोठ्या कंपन्यांकडे ते आहे. तत्त्व सगळीकडे एकच. ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाज सोडणारा आणि पकडणारा पाण्यातला भाग, बोटीच्या डाव्या आणि उजव्या बाजूला आवाजाची पातळ, पंख्यासारखी झोत-पट्टी सोडतो, परत आलेल्या प्रतिध्वनीची एक ओळ स्क्रीनवर उमटते, बोट पुढे सरकते, पुढची ओळ उमटते. चित्र या ओळींनी विणलं जातं. बोट हलली नाही तर चित्रच नाही.

म्हणून ट्रान्सड्यूसरची बैठक हा पहिला मुद्दा. तो बोटीच्या मागच्या फळीवर असेल तर पाण्यात आडवा-उभा सपाट हवा. एका बाजूला काही अंश कलला असेल तर स्क्रीनची एक बाजू उजळ आणि दुसरी मळकट दिसते, आणि माणूस सेन्सिटिव्हिटी वाढवत बसतो. इंजिनाचा पाय त्याच्या झोतात येत असेल तर त्या बाजूला कायमची एक काळी पट्टी राहते. फेरीच्या वेळी इंजिन थोडं वर उचलून बघा, पट्टी हलली तर कारण तेच. ट्रान्सड्यूसर बोटीच्या तळाच्या पातळीपेक्षा वर बसला असेल तर बोट चालू लागताच बुडबुडे त्याच्यावरून जातात आणि चित्र तुकड्यातुकड्यांत तुटतं.

दुसरा मुद्दा विजेचा. यंत्राला थेट बॅटरीपासून स्वतंत्र, जाड वायर आणि वाटेत फ्यूज हवा. इतर उपकरणांच्या वायरीतून वीज घेतली की ट्रोलिंग मोटर (बोट हळू चालवायची विजेची छोटी मोटर) लावताच स्क्रीनवर आडव्या रेघांचा पाऊस पडतो. त्याच वारंवारतेवर चालणारं दुसरं यंत्र पुढे डेकवर चालू असेल तरी असंच होतं. फेरीपुरतं ते बंद ठेवा.

तिसरा मुद्दा कधी कधी राहून जातो, आणि राहिला तर सगळं उलटं होतं. डावी-उजवी बाजू बरोबर आहे का? ट्रान्सड्यूसर उलटा बसवला गेला असेल तर डावीकडचा ढीग उजवीकडे दिसतो आणि खूण शंभर फूट भलतीकडे पडते. एखाद्या धक्क्याच्या खांबांजवळून बोट न्यायची. खांब ज्या बाजूला आहेत त्याच बाजूला दिसले तर ठीक, नाहीतर मेनूत बाजू पालटायची.

रेंज आणि वेग यांचं नातं समजून घेण्यासारखं आहे. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण ४,९०० फूट जातो. दोन्ही बाजूंना १०० फूट रेंज लावली तर आवाजाला जाऊन-येऊन २०० फूट कापायचे, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त चोवीसेक ओळी. ताशी ४ मैल वेगाने बोट सेकंदाला सहा फुटांच्या आत सरकते, तेव्हा दर तीन इंचांना एक ओळ मिळते. रेंज २०० केली की ओळी निम्म्या होतात, दर सहा इंचांना एक. त्यात वेगही दुप्पट केला तर दर फुटाला एक ओळ, आणि फांद्यांचा ढीग नुसता डाग होऊन जातो. शिवाय झोत लांब जाईल तसा रुंदावतो, त्यामुळे कडेच्या वस्तू तशाही फासल्यासारख्या दिसतात. या सोंडेसाठी दोन्ही बाजूंना १०० फूट, वेग ताशी ४ मैल, आणि स्क्रीन सरकण्याचा वेग बोटीच्या वेगाशी जुळवलेला. तो जुळला नाही तर गोल खडक लांबट किंवा चपटा दिसतो. ओळखीचा एखादा गोल खडक किंवा टायर बघून हे नीट लावता येतं.

वारंवारता निवडता येत असेल तर १.२ मेगाहर्ट्झच्या आसपासची घ्या. ४५५ किलोहर्ट्झ लांब पोचते, पण फांद्या सुट्या दाखवत नाही. रंगांची निवड आवडीची बाब आहे. कॉन्ट्रास्ट मात्र असा ठेवा की खडीचा तळ मध्यम छटेत राहील आणि सावल्या पूर्ण काळ्या पडतील. तळच पांढरा फटक झाला तर ढीग त्यात हरवतो.

फेरी कशी मारायची

आपल्या नमुन्यातली सोंड पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरते, दर दहा फुटांना एक फूट. जिथे ढीग दिसला होता तिथे खोली २२ फूट. पहिली फेरी खोल बाजूने, उत्तरेकडे तोंड करून, समान खोलीची रेघ धरून. दुसरी फेरी उथळ बाजूने, दक्षिणेकडे तोंड करून. दोन्ही वेळा ढीग बोटीच्या डाव्या हाताला येतो आणि एक लांबोडका फेरा पूर्ण होतो. फेऱ्या सरळ हव्यात. वळताना आतल्या बाजूची वस्तू ताणली जाते, बाहेरच्या बाजूची आक्रसते, आणि त्या चित्रावर केलेली खूण कुठेही पडते. वळण सोंडेच्या पुष्कळ पुढे जाऊन घ्यायचं आणि बोट सरळ झाली की मगच स्क्रीनकडे बघायचं.

स्क्रीनच्या मध्यावर जो काळा पट्टा दिसतो तो बोटीखालचं पाणी. पट्टा संपतो तिथे तळाचा पहिला प्रतिध्वनी. मध्यापासून पट्ट्याच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे बोटीखालची खोली. त्या पट्ट्यात काही पांढरं दिसलं तर ते पाण्यात तरंगणारे मासे, नाहीतर उभ्या झाडाचा शेंडा. शेंडा बुंध्यापेक्षा ट्रान्सड्यूसरला जवळ असतो, म्हणून उंच झाड नेहमी बोटीकडे झुकल्यासारखं दिसतं. जुन्या पात्रावरून जाताना असा शेंडा पट्ट्यात खूप आत आलेला दिसला तर इंजिन सांभाळा.

सावली

नवखा माणूस उजळ ठिपके शोधतो. जाणता सावली शोधतो. उजळपणा सांगतो की काहीतरी कठीण आहे. खडीचा उंचवटा, दगड, बुंधा सगळेच उजळ दिसतात. त्या वस्तूचा आकार, उंची आणि दाटी सावलीत उतरते, कारण वस्तूने अडवलेला आवाज तिच्या पलीकडच्या तळापर्यंत पोचत नाही. खडकांच्या ढिगाची सावली भरीव आणि कडा कापल्यासारख्या. ताज्या सीडरची सावली दाट, पण कडेला दातेरी. जुन्या सीडरच्या बारीक डहाळ्या गळून गेलेल्या असतात, तेव्हा सावलीत खोड आणि मोजक्या फांद्या हाताच्या बोटांसारख्या सुट्या दिसतात. अशा विरळ ढिगाकडे दुर्लक्ष करू नका. मोठा बास पुष्कळदा अशाच खोडाला लागून असतो आणि तिथे गळही कमी अडकतो.

शॅड माशांचा घोळका ढिगासारखा दिसून फसवतो. त्याच्या कडा मऊ असतात आणि सावली त्याच्यापासून सुटी, थोडी लांब पडते, कारण घोळका तळाला टेकलेला नसतो. खात्रीची परीक्षा म्हणजे दुसरी फेरी. घोळका जागा सोडतो, लाकूड सोडत नाही. एकेकट्या माशाचंही तसंच: पांढरा दाणा, आणि त्याच्यापासून सुटी छोटी काळी टिकली. दोन्हींतलं अंतर जितकं जास्त तितका मासा तळापासून वर. तो बास आहे की ड्रम की कार्प, हे साइड इमेजिंग सांगत नाही. ढिगाच्या पोटात शिरलेला मासाही त्यात दिसत नाही, कडेचे तेवढे दिसतात. दाणे दिसले नाहीत म्हणून ढीग रिकामा समजू नये.

आता उंची. हिशोब सोपा आहे: सावलीची लांबी गुणिले बोटीखालची खोली, भागिले बोटीपासून सावलीच्या टोकापर्यंतचं अंतर. अंतरं स्क्रीनवरच कर्सरने मिळतात. आपल्या ढिगाचं उदाहरण घेऊ.

उथळ बाजूच्या फेरीत बोटीखाली १७ फूट. ढिगाचा उजळ भाग ५० फुटांवर, सावलीचं टोक ८० फुटांवर. सावली ३० फुटांची. ३० गुणिले १७ भागिले ८०, म्हणजे ६.४ फूट.

खोल बाजूच्या फेरीत बोटीखाली २७ फूट. ढीग पुन्हा ५० फुटांवर, सावलीचं टोक मात्र ६६ वर. सावली अवघी १६ फुटांची. १६ गुणिले २७ भागिले ६६, म्हणजे ६.५ फूट.

ढीग तोच, सावल्या दोन, एक दुसरीच्या जवळजवळ दुप्पट. उताराच्या दिशेने पडलेली सावली तळ खाली जात असल्यामुळे लांबते, चढाच्या दिशेने पडलेली आखडते. नुसत्या डोळ्यांनी बघणारा उथळ बाजूच्या फेरीत म्हणेल केवढा उंच ढीग, खोल बाजूच्या फेरीत म्हणेल यात काही नाही. हिशोबात बोटीखालची खोली धरली की उतार आपोआप वजा होतो आणि दोन्ही फेऱ्यांचं उत्तर जुळतं. इथेच नेहमीची चूक होते. ढीग २२ फुटांत आहे हे माहीत असल्यामुळे लोक २२ चा आकडा घालतात. मग एका बाजूने ८ फुटांच्या वर आणि दुसऱ्या बाजूने ५ फूट असं उत्तर येतं. दोन्ही चूक. उतार एकसारखा नसेल, बोट आणि ढिगाच्या मध्ये एखादी पायरी तुटली असेल, तर हा हिशोबही हलतो. तेव्हा त्या पायरीच्या समांतर, ढिगाच्याच पातळीवरून आणखी एक फेरी मारून बघावी.

साडेसहा फूट उंची आणि बुडाशी २२ फूट. म्हणजे ढिगाचा माथा पृष्ठभागापासून साडेपंधरा फुटांवर. हा आकडा लिहून ठेवायचा, पुढे लागणार आहे.

खूण वीस फूट चुकते ती अशी

आता मूळ तक्रार. यंत्र कर्सरच्या जागी खूण करतं तेव्हा ते तीन गोष्टी गृहीत धरतं आणि तिन्ही थोड्याथोड्या चुकतात.

पहिली, जीपीएसचा अँटेना आणि ट्रान्सड्यूसर एकाच जागी आहेत. प्रत्यक्षात अँटेना स्टिअरिंगजवळच्या यंत्रात आणि ट्रान्सड्यूसर मागच्या फळीवर, ११ फूट मागे. ढीग ट्रान्सड्यूसरच्या बरोबर बाजूला येतो तेव्हा अँटेना ११ फूट पुढे गेलेला असतो. म्हणून उत्तरेकडे जाताना केलेली खूण ११ फूट उत्तरेला पडते, दक्षिणेकडे जाताना केलेली ११ फूट दक्षिणेला.

दुसरी, बोटीचं नाक ज्या दिशेला आहे त्याच दिशेला बोट चालली आहे. बाजूने वारा असला की बोट नाक वाऱ्याकडे वळवून तिरकी सरकते. झोत बोटीला काटकोनात जातो, यंत्र मात्र प्रवासाच्या रेषेला काटकोन धरतं. दहा अंशांचा तिरकेपणा ५० फुटांवर जवळजवळ ९ फुटांची चूक करतो.

तिसरी चूक तिरप्या अंतराची. स्क्रीनवरचे ५० फूट हे ट्रान्सड्यूसरपासून तिरपे मोजलेले आहेत, पाण्याच्या पृष्ठभागावर ते ४७ भरतात. इथे फरक तीनच फुटांचा. पण बोटीखाली २२ फूट असताना २५ फुटांवर दिसणारा तळाचा बुंधा पृष्ठभागावर मोजला तर १२ फुटांवर असतो. म्हणून काळ्या पट्ट्याला चिकटून दिसणाऱ्या वस्तूवर खूण करू नये. बोट थोडी लांबून नेऊन तीच वस्तू खोलीच्या दोन-तीन पट अंतरावर आणावी.

आपल्या प्रकरणातली खूण उत्तरेकडे जाताना, पश्चिमेचा वारा असताना केलेली. ११ आणि ९, दोन्ही चुका उत्तरेकडेच साचल्या. खूण वीस फूट सरकली, ढिगाचा घेर जेमतेम बारा फुटांचा, आणि गळ दरवेळी ढिगाच्या उत्तरेने मोकळ्या खडीवरून येत राहिला.

उपाय त्या लांबोडक्या फेऱ्यातच आहे. वारा नसताना, पहाटे, उलटसुलट दोन फेऱ्यांत दोन खुणा करायच्या. अँटेनाची चूक एकदा उत्तरेला आणि एकदा दक्षिणेला, त्यामुळे खुणा २२ फूट लांब पडतात. तिरप्या अंतराची चूकही एकदा पूर्वेला, एकदा पश्चिमेला. दोन खुणांच्या मधोमध तिसरी खूण केली की या दोन्ही चुका एकमेकींना मारतात. काही यंत्रांत अँटेना आणि ट्रान्सड्यूसरमधलं अंतर मेनूत भरता येतं. तुमच्यात ती सोय असेल तर एकदाच टेप लावून मोजा आणि भरून टाका.

वाऱ्याची चूक मात्र मधला बिंदू काढून जात नाही. पश्चिमेच्या वाऱ्यात उत्तरेकडे जा की दक्षिणेकडे, डाव्या बाजूची खूण दोन्ही वेळा उत्तरेलाच सरकते. तिच्यावर इलाज दोनच: वारा नसताना फेरी, किंवा बोटीचं नाक खरंच कुठे आहे ते सांगणारा दिशादर्शक सेन्सर. नितळ पाण्यात गंभीरपणे आडोसा शोधणाऱ्याने मोठ्या स्क्रीनच्या आधी हा सेन्सर घ्यावा असं स्पष्ट मत आहे. मोठ्या स्क्रीनवर चुकीची खूण चुकीचीच राहते. ताशी दोन मैलांच्या खाली जाऊ नये ते याचसाठी. अगदी कमी वेगात जीपीएसवरून काढलेली दिशा भरकटत राहते.

शेवटची खात्री बोट थेट वरून नेऊन. मधल्या खुणेवरून ताशी दोन मैलांनी जायचं, डाऊन इमेजिंगवर (बोटीच्या थेट खालच्या चित्रावर) फांद्या उमटताच तरंगती खूण पाण्यात सोडायची, पण ढिगावर नाही, चार-पाच फूट बाजूला. ढिगावर सोडली तर तिची दोरी फांद्यांत गुंतते आणि गळ तिच्यात. मग बोट ५० फुटांवर नेऊन पहिला गळ टाकायचा. शिसं लाकडाला लागलं की त्या क्षणी, त्या जागेवरून, किती फूट आणि कुठल्या दिशेला टाकलं ते नोंदवायचं. शिशाने लाकूड सांगितलं की मगच खूण कायम करायची. बाकीच्या जुन्या खुणा पुसून टाका. स्क्रीनवर एका ढिगाच्या चार खुणा राहिल्या की पुढच्या वेळी पुन्हा गोंधळ.

तीन ढिगांपैकी कुठला

याच सोंडेवर फेरीत तीन ढीग दिसले. पहिला १४ फुटांत, माथा ९ फुटांवर. दुसरा आपला, २२ फुटांत, माथा साडेपंधरावर. तिसरा ३६ फुटांत, माथा २७ वर, आणि तिघांत सगळ्यांत देखणा तोच: दाट, उंच, सावली भरीव. स्क्रीनवर ज्याची भूल पडावी असा.

ऑगस्टमध्ये तो जवळजवळ निरुपयोगी आहे. उन्हाळ्यात जलाशयाचं पाणी थरांत विभागलं जातं. वर गरम आणि हलकं, खाली थंड आणि जड, मध्ये एक पातळ थर जिथे तापमान झपाट्याने उतरतं. खालच्या पाण्याचा वरच्या हवेशी संबंध तुटतो, तळाची कुजण प्राणवायू खात राहते आणि भरपाई होत नाही. टेबल रॉकच्या खालच्या पाण्यात शरद ऋतूपर्यंत प्राणवायू इतका उतरतो की धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे खालच्या टेनीकोमो जलाशयातल्या ट्राउटची काळजी करावी लागते. अशा थरात बास राहत नाही.

हा मधला थर साइड इमेजिंगवर ओळखू येत नाही. त्यासाठी साधं सोनार लावायचं, २०० किलोहर्ट्झच्या आसपास, आणि खोल पाण्यावर जाऊन सेन्सिटिव्हिटी हळूहळू वाढवायची. एकाच खोलीवर, सलग, धुक्याच्या पट्ट्यासारखी रेघ दिसू लागते. माशांच्या कमानी तिच्या वरच असतात, खाली शुकशुकाट. आपल्या प्रकरणात ती २८ फुटांवर आहे. तिसऱ्या ढिगाचा जेमतेम एक फूट तिच्या वर डोकावतो. पहिला ढीग पहाटे बरा. ऊन चढलं आणि ब्रॅन्सनच्या बाजूने मौजेच्या बोटींची रहदारी सुरू झाली की नितळ पाण्यातला ९ फुटांवरचा माथा उघडा पडतो. दुसरा ढीग दिवसभराचा. वर पुरेसं पाणी, खाली प्राणवायू, आणि शेजारी सोंडेचा उतार.

नकाशावरच्या खोल्या ठरावीक पातळीच्या असतात हेही इथे लक्षात ठेवायचं. ९१५ च्या नकाशावर पाणी ९१८ वर असेल तर प्रत्येक आकड्यात तीन फूट मिळवा. ढिगाच्या नोंदीत खोलीशेजारी त्या दिवशीची पातळी लिहिली नसेल तर ती नोंद दोन महिन्यांनी उपयोगाची राहत नाही.

गळाबद्दल थोडक्यात. साडेसहा फुटांच्या सीडरमध्ये टेक्सास पद्धतीने बांधलेला १० इंची प्लास्टिकचा वर्म, म्हणजे नकली गांडूळ, पुढे ३/८ औंसाचं, म्हणजे साधारण १० ग्रॅमचं गोळीच्या आकाराचं शिसं. गळाचं टोक प्लास्टिकमध्ये दडलेलं, त्यामुळे फांदीत अडकत नाही. उथळ बाजूला बोट उभी करून खोल बाजूला टाकायचं आणि चढावर ओढत आणायचं की उलट, हे सावलीवरून ठरवा. खोड कुठल्या दिशेला पडलं आहे हे सावलीत दिसतं, आणि शेंड्याकडून बुंध्याकडे ओढलं तर दोरा फांद्यांच्या बेचक्यांत घुसून बसतो. बुंध्याकडून शेंड्याकडे आणलं की सरकत येतो. शिसं फांदीवर चढलं की घाईने झटका देऊ नका. दोरा किंचित सैल सोडून त्याला पलीकडे पडू द्या, मासा पुष्कळदा त्या पडण्यावरच घेतो. २० फुटांखालून वर काढलेला मासा सोडायचा असेल तर लगेच सोडा. त्याची हवेची पिशवी फुगते, आणि टाकीत तासभर ठेवला तर तो उलटा तरंगू लागतो.

ऑक्टोबर उलटत गेला की रात्री थंडावतात, वरचं पाणी जड होऊन खाली जाऊ लागतं आणि तो थर खाली सरकत सरकत शेवटी मोडतो. टेबल रॉकसारख्या खोल जलाशयात ते पूर्ण व्हायला डिसेंबर उजाडतो. तेव्हा ३६ फुटांतला तिसरा ढीग कामाचा होतो. त्याची खूण आजच, याच वारा नसलेल्या सकाळी, दोन्ही दिशांनी फेरी मारून करून ठेवावी. हिवाळ्यात उत्तरेच्या वाऱ्यात ती नीट होत नाही.